नावडतीचं मीठ आणि दाराआडचे कान

संध्याकाळी साडेसातला माझ्या सासूबाई मटाराच्या शेंगांची परात पुढ्यात घेऊन टीव्हीसमोर बसतात. वय ७८, शिक्षण चौथीपर्यंत. परवा मालिकेत दोन भाऊ बंद खोलीत घराच्या कागदपत्रांबद्दल हळू आवाजात बोलत होते. पार्श्वसंगीत जरा दबलं. सासूबाईंनी शेंगेवरची नजर न काढता सांगितलं, "आता पडदा हलणार बघ." पडदा हलला. माझ्या मुलीने विचारलं, "आजी, तुला कसं कळलं गं?" त्या म्हणाल्या, "अगं, ते दाराआडचे कान. ते नसले तर उद्याचा भाग चालायचा कशावर?" आणि पुढची शेंग उचलली.

एवढ्या दोन वाक्यांत त्यांनी तीन कामं केली. गोष्टीत पुन्हा पुन्हा येणारी एक रीत ओळखली, तिला चपखल नाव दिलं, आणि त्या रीतीचा गोष्टीत उपयोग काय तेही सांगितलं. मी गेली २३ वर्षं माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. माझ्या वर्गातल्या हुशार मुलांनाही हे जमत नाही आणि त्यात त्यांचा दोष नाही. आम्ही त्यांना हे शिकवलेलंच नाही. लोकप्रिय कथेतल्या या ठरलेल्या रीतींना, म्हणजे कथासंकेतांना, मराठीत नावं असावीत, ती आपली असावीत आणि शाळेच्या मराठीच्या तासाला शिकवली जावीत, असं मला मनापासून वाटतं. हे का वाटतं ते सांगते.

नवव्या-दहाव्या इयत्तेतल्या मुलाला आम्ही अलंकार शिकवतो. एखाद्या ओळीत 'जणू', 'भासे', 'गमे' दिसलं की तो उत्प्रेक्षा म्हणतो, उपमेय आणि उपमान काढून दाखवतो. चांगलंच आहे ते. पण हा मुलगा आयुष्यात कविता किती वाचणार? गोष्टी मात्र तो रोज बघतो, ऐकतो, मोबाइलवर पाहतो. त्या गोष्टींबद्दल बोलायला आम्ही त्याला कथानक, पात्रं, संघर्ष, वातावरण, शेवट एवढेच शब्द देतो. हे शब्द खोटे नाहीत, पण फार मोघम आहेत. उपमा, रूपक, दृष्टान्त, अतिशयोक्ती यांची नावं न सांगता 'कवितेत सौंदर्य असते' एवढंच शिकवलं तर जसं होईल, तसं आमचं कथेच्या बाबतीत झालं आहे.

आणि हे मराठीत व्हावं याचं मला जास्त वाईट वाटतं, कारण या कामात मराठी माणूस कधी मागे नव्हता. कचेरीत एखादी फाइल महिनोन्‌महिने पुढे सरकत नाही तेव्हा लोक म्हणतात, यात झारीतला शुक्राचार्य कोण ते शोधा. बळीराजा वामनाला दान द्यायला निघाला, हातावर पाणी सोडायची वेळ आली, तेव्हा शुक्राचार्य झारीच्या तोटीत जाऊन बसले आणि पाणी अडवलं. वामनाने दर्भाची काडी खुपसली आणि त्यांचा एक डोळा गेला. गोष्ट पुराणातली आहे, पण तिच्यातला नेमका प्रसंग, समोर न येता नळीत बसून काम अडवणारा माणूस, मराठीने उचलला आणि त्याचं नाव केलं. आता तो कुठल्याही गोष्टीत, कुठल्याही कार्यालयात ओळखता येतो. भस्मासुर तसाच, आपणच वर देऊन मोठा केलेला आणि आपल्याच डोक्यावर हात ठेवायला आलेला. कळलाव्या नारद तसाच.

'नावडतीचं मीठ अळणी' ही म्हण घ्या. श्रावणातल्या कहाण्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना आटपाट नगरातला राजा आणि त्याच्या दोन राण्या पाठ आहेत. आवडती आणि नावडती. नावडतीला खायला उष्टंमाष्टं, नेसायला जाडंभरडं, राहायला गुरांचं बेडं. ती वसा घेते, उतत नाही, मातत नाही, देव प्रसन्न होतो आणि राजा तिला मानाने घरी आणतो. कहाणी सुफळ संपूर्ण होते. म्हण मात्र या गोष्टीकडे दुरून पाहते. ती सांगते की मिठात काही कमी नव्हतं, खाणाऱ्याचं मन फिरलेलं होतं. कहाणी नावडतीला सोसायला शिकवते आणि म्हण राजाच्या जिभेवर संशय घेते. ज्या बायकांनी कहाण्या सांगितल्या, त्यांच्याच जिभेवर ही म्हणही राहिली असणार असं मला नेहमी वाटतं. आज रात्री आठच्या मालिकेत जी सून सगळ्यांचे टोमणे गिळून चार पदार्थ करते आणि तिच्याच भाजीत मीठ जास्त निघतं, तिला बघताना ही म्हण आठवली की मालिका वेगळी दिसू लागते.

तिसरं उदाहरण पोपटाचं. अमक्याचा जीव तमक्या पोपटात आहे, हे आपण राजकारणाबद्दलही बोलतो. राक्षसाला तलवारीने मारता येत नाही, कारण त्याचे प्राण सात समुद्रांपलीकडच्या पोपटात ठेवलेले असतात. मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरची मुलगी मेरी फ्रिअर हिने १८६८ साली 'ओल्ड डेक्कन डेज' नावाचा कथासंग्रह छापला. त्यातल्या गोष्टी तिला अॅना लिबरेटा डिसोझा या आयाने सांगितल्या होत्या. त्या संग्रहात ही गोष्ट आहे. रानात ताडांचं रिंगण, मधोमध पाण्याने भरलेल्या सहा घागरींची उतरंड, तिच्या तळाशी पिंजरा आणि पिंजऱ्यात हिरवा पोपट. अशाच गोष्टी युरोपात सापडल्या, तिथे पोपटाऐवजी अंडं असतं. फिनलंडच्या आंटी आर्ने यांनी १९१० साली कथाप्रकारांची सूची केली, अमेरिकेच्या स्टिथ थॉम्पसन यांनी ती १९२८ आणि १९६१ मध्ये वाढवली, हान्स-यॉर्ग उथर यांनी २००४ मध्ये पुन्हा सुधारली. पोपटाची गोष्ट तिथे ३०२ क्रमांकावर बसते. आपल्याकडच्या लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी अशा घटकांसाठी 'कल्पनाबंध' हा सुंदर शब्द घडवला. तो विद्यापीठाच्या बाहेर पडला नाही, ही आमची, शिक्षकांची, चूक आहे.

पण नुसती नावं जमवून भागत नाही. त्या नावांची काहीतरी मांडणी लागते, आणि ती मांडणी मला परक्या सूचीत सापडली नाही. ती सापडली सुमारे अकराशे वर्षांपूर्वीच्या राजशेखराकडे. कनोजच्या प्रतिहारांच्या दरबारातला हा कवी. त्याने आपल्या पणजोबांचा, अकालजलदाचा, उल्लेख 'महाराष्ट्रचूडामणी' असा केला आहे, म्हणजे हा माणूस आपल्याला अगदी परका नाही. 'काव्यमीमांसा' या ग्रंथात त्याने तीन अध्याय एका गोष्टीला दिले आहेत, ती म्हणजे कविसमय. शास्त्रात नाही, लोकव्यवहारात नाही, तरीही परंपरेने कवी ज्या गोष्टी लिहीत आले त्या. त्यांचे त्याने तीन प्रकार केले. पहिला, नसलेलं सांगणं. वाहत्या नदीत कमळं फुलत नाहीत, पण काव्यात फुलतात. अंधार काव्यात मुठीत धरता येतो, सुईने टोचता येतो. दुसरा, असलेलं न सांगणं. चंदनाला फुलं-फळं येतात, पण कवी ती कधी दाखवत नाहीत. तिसरा, नेम. कोकिळा उन्हाळ्यातही गाते, पण काव्यात तिने वसंतातच गायचं. मोर इतर वेळीही ओरडतो, पण काव्यात पावसाळ्यातच.

राजशेखराने या रीतींना दोष म्हटलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्याने त्या मोजल्या, लावल्या, नवशिक्या कवीच्या हातात दिल्या. आता हेच तीन कप्पे आजच्या मालिकेला आणि सिनेमाला लावून पाहा. नसलेलं सांगणं म्हणजे शस्त्रक्रिया होऊन पूर्ण बदललेला चेहरा, डोक्याला मार लागून गेलेली आणि दुसऱ्या माराने परत आलेली स्मृती. नेम म्हणजे सत्य कळायचं ते भर लग्नमंडपात, अक्षता पडायच्या आधीच, आणि प्रेम जमायचं ते पावसात छत्री नसतानाच. या दोन कप्प्यांवर आपण सगळे बोलतो, कारण ते डोळ्यांना दिसतात. कसोटी दुसऱ्या कप्प्याची आहे. जे कधी दाखवलंच जात नाही ते ओळखायला कुणीतरी तिथे बोट ठेवावं लागतं. मालिकेतली नायिका मोठ्या हुद्द्यावर असते, पण ती ऑफिसात नेमकं काय काम करते? एवढ्या मोठ्या घरातल्या रोजच्या धुण्याभांड्यांना किती तास लागतात? घराचा हप्ता कोण भरतं? कुणाला कधी बसला उभं राहावं लागतं का? ही सगळी चंदनाची फुलं आहेत.

आता स्मृती जाण्याकडे वळते. तिला मी वर पहिल्या कप्प्यात टाकलं, पण तेवढ्याने तिचा हिशेब होत नाही.

महाभारताच्या आदिपर्वात शकुंतला मुलाला घेऊन दुष्यंताच्या सभेत येते. तिथे शाप नाही, अंगठी नाही. राजाला सगळं आठवत असतं. मूळ शब्दच 'स्मरन्नपि' असा आहे. आठवत असूनही तो 'मला आठवत नाही' म्हणतो आणि भरसभेत तिला दुष्ट तापसी म्हणतो. पुढे आकाशवाणी होते तेव्हा तो कबूल करतो की लोकांनी शंका घेऊ नये म्हणून आपण असं वागलो. कालिदासाने ही गोष्ट घेतली आणि तिच्यात दुर्वासाचा शाप आणि शचीतीर्थाच्या पाण्यात पडलेली अंगठी घातली. परिणाम काय झाला? राजा खोटं बोलला नाही, तो विसरला. दोष राजाकडून उठला आणि एका रागीट ऋषीवर गेला. त्या ऋषीलाही राग का आला, तर विचारात गढलेल्या शकुंतलेने त्याची हाक ऐकली नाही म्हणून. म्हणजे दोषाचा थोडा भाग फिरून तिच्याकडेच आला.

मालिकेतला नायक अपघातात बायकोला विसरतो, घरात दुसरी येते आणि पुढचे शंभर भाग ती दुसरी खलनायिका ठरते, तेव्हा नेमकी हीच यंत्रणा चालू असते. नवऱ्याने काही केलं नाही, त्याला आठवत नव्हतं. भांडण दोन बायकांत राहतं. म्हणून या संकेताला मी वर्गात 'दुर्वासाचा शाप' म्हणते. इंटरनेटवर त्याला 'अॅम्नेशिया ट्रोप' म्हणतात हे मला माहीत आहे. त्या नावाने फक्त आजार कळतो. 'दुर्वासाचा शाप' म्हटलं की शाप कुणाला सोडवायला आला, हा प्रश्न नावातच येतो. परक्या शब्दांशी माझं वैर नाही. टेबल, बस, मोबाइल आपण घेतले आणि ते आपले झाले. पण कथेचं नाव नुसता शब्द नसतो, त्यात ती कथा ऐकलेल्या माणसांचा शहाणपणा साठलेला असतो. सवत, वसा, नावडती, घरजावई, मूळ धाडणं, ओटी भरणं यांच्याभोवती आपल्या गोष्टी फिरतात. या गोष्टींना दुसऱ्यांच्या घरातली नावं दिली तर निम्मी गोष्ट बाहेरच राहते.

इथे कालिदासाला कमी लेखते आहे असं कुणी समजू नये. तोच संकेत घेऊन त्याने पाचव्या अंकात शकुंतलेला राजाच्या तोंडावर 'अनार्य' म्हणायला लावलं आणि अख्खा सहावा अंक राजाला पश्चात्तापात जाळलं. मालिकेतल्या नवऱ्याची स्मृती परत येते तेव्हा पेढे वाटले जातात. संकेत एकच, पण एकाने त्याची किंमत पात्राकडून वसूल केली आणि दुसऱ्याने केली नाही. हा फरक बोलून दाखवायचा तर आधी दोन्हीकडे संकेत एकच आहे हे म्हणता आलं पाहिजे.

माझ्या सहकाऱ्यांपैकी एका ज्येष्ठ सरांचा याला विरोध आहे आणि मी तो मनावर घेते. ते म्हणतात, मुलांना सगळं उलगडून दाखवलंत तर गोष्टीत रमणार कोण? जादूगाराचा हात दिसला की जादू संपते. मला हे पटत नाही, आणि त्याचं कारण माझ्या लहानपणच्या देवळात आहे. रामनवमीच्या कीर्तनाला आलेल्या प्रत्येकाला पूर्वरंग कुठे संपतो, उत्तररंग कुठे सुरू होतो, आख्यानाचा शेवट काय, हे ठाऊक असायचं. तरी बुवा सीतेच्या वनवासापाशी आले की माझी आजी पदर डोळ्याला लावायचीच. तमाशाच्या फडासमोर बसलेल्या माणसाला गणानंतर गवळण येणार, मथुरेच्या वाटेवर पेंद्या आडवा येणार, मावशी तोंड चालवणार, मग वग लागणार हे पाठ असतं. तो आजच्या मावशीने कालच्यापेक्षा काय वेगळं केलं ते बघायला बसलेला असतो. ठरलेलं माहीत असलं म्हणजेच नवं काय ते कळतं. गाण्याच्या मैफलीत राग ओळखणाऱ्याला कमी आनंद मिळतो असं कुणी म्हणत नाही.

सरांच्या बोलण्यातला दुसरा भाग मात्र खरा आहे. नावं हातात आली की मुलं विचार सोडून नुसती नावंच ठेवतील, असंही ते म्हणतात. नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यांत मराठीत एका अनुस्वाराचं अंतर आहे. सिनेमा बघून आलेला तरुण 'हा तर तोच प्रकार' असं म्हणून हात झटकतो, तेव्हा त्याने विचार केलेला नसतो, खूण केलेली असते. दहा खुणा झाल्या की त्याला परीक्षण लिहिल्याचं समाधान मिळतं. लेखकही असेच संकेत मोजून, एकेक टाळून लिहू लागले तर कथा नुसती घाबरलेली होते. हा धोका मी वर्गातही पाहिला आहे. म्हणून मी मुलांना एक अट घालते. नाव दिलंत तर पुढची दोन वाक्यं लिहायची. ही रीत गोष्टीत काय काम करते, आणि ती काढली तर कुणाची अडचण होते. सासूबाईंनी 'उद्याचा भाग चालायचा कशावर' असं विचारलं, त्यात हे दोन्ही होतं.

नाव नसलेल्या संकेताचा खरा त्रास हा की तो संकेत वाटतच नाही, जग असंच असतं असं वाटतं. 'सोसणारी ती चांगली' हा कवींच्या कोकिळेइतकाच ठरवलेला नेम आहे. पण कोकिळेमुळे कुणाच्या घरात काही बिघडत नाही. या नेमाचं तसं नाही. लग्न ठरलेल्या माझ्या एका माजी विद्यार्थिनीने मला सांगितलं होतं, "बाई, सुरुवातीला सहन केलं की शेवटी सगळे आपले होतात." मी विचारलं, हे तुला कुणी सांगितलं? तिला आठवेना. कुणीच सांगितलं नव्हतं. शेकडो संध्याकाळींनी मिळून सांगितलं होतं.

गेल्या वर्षी आठवीच्या वर्गात मी फळ्यावर राजशेखराचे तीन कप्पे आखले. राजशेखराचं नाव सांगितलं, व्याख्या सांगितली नाही. वर फक्त लिहिलं: नसलेलं सांगितलं, असलेलं सांगितलं नाही, नेम. आणि म्हटलं, तुम्ही बघता त्या मालिका, सिनेमे, आजीच्या गोष्टी, काहीही चालेल. पहिला आणि तिसरा कप्पा दहा मिनिटांत भरला. खडू संपला इतकं भरलं. 'मेलेला परत', 'हॉस्पिटलात फुलांचा गुच्छ', 'गुंडाला नेहमी उशीर, पोलिसांना त्याहून उशीर', 'हातातलं पूजेचं ताट पडणं'. शेवटचं इतक्या जणांनी एकदम सांगितलं की त्याचं नाव वर्गात तिथल्या तिथे 'ताट-पडी' ठरलं आणि अजून तेच चालतं.

मधला कप्पा रिकामा राहिला. तास संपत आला तरी रिकामाच होता. मी काही सुचवलं नाही, घरून विचार करून या म्हटलं. दुसऱ्या दिवशी एका मुलाने येऊन लिहिलं, 'कुणाची बस चुकत नाही.' दुसऱ्याने लिहिलं, 'कुणाला आडनावावरून कुणी काही विचारत नाही.' यावर वर्ग जरा गप्प झाला. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. तिची आई चार घरची धुणीभांडी करते हे वर्गाला माहीत होतं, तिने ते कधी लपवलं नव्हतं. ती फळ्याजवळ न जाता जागेवरूनच म्हणाली, "बाई, मालिकेतली कामवाली दारातून आत येते आणि दारातून बाहेर जाते. ती आमच्यासारखं बोलली की सगळे हसतात. पण ती जाते कुठे ते कधीच दाखवत नाहीत."

मी तिला खडू दिला. तिने मधल्या कप्प्यात लिहिलं, 'कामवालीचं घर'.